मोरचुदाची माती

माझा दादा, थान युनशान, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तेव्हापासून मला शिव्या द्यायचा, मारायचा आणि जेवायला घालायचा हक्क त्याचाच. मोठा झाल्यावर मी डुकरं पाळली आणि तो भात लावत राहिला. आमची चोंग, म्हणजे दोन टेकड्यांमधली ही अरुंद दरी, अशी उतरती आहे की माझी डुकरांची शेड वर आणि दादाची अकरा मूची, म्हणजे जेमतेम पावणेदोन एकरांची, खाचरं बरोबर तिच्या पायाशी. शेड धुतली की घाण टाकीत, टाकीतून स्लरी पाइपात आणि पाइपातून थेट दादाच्या पहिल्या खाचरात. पंप नाही, गाडी नाही. उताराच्या जोरावर चौदा वर्षं चाललं.

गाव जळायचं. लोक रासायनिक खताची पोती पाठीवर वाहून आणायचे आणि दादा नुसता पाइपाचं बूच काढायचा. "भाऊ असावा तर असा," म्हणायचा तो. "बाकीचे भाऊ वाटणी मागतात, माझा भाऊ खत पाठवतो." ह्यावर वहिनी म्हणायची, "खत कसलं, डुकरांचं मूत पाठवतो," आणि हसायची. पहिली काही वर्षं भात असा माजला की कापणीआधीच आडवा पडायचा. लोंब्या पाण्यात लोळायच्या. ते दादाला मिरवण्यासारखं वाटे.

आता माझं सांगतो, कारण मूळ तिथेच आहे.

डुकरं घ्यायला येणारा व्यापारी शेडच्या दारात उभा राहून तीन गोष्टी बघतो. कातडी तांबूस आहे का, केस चमकतात का, आणि विष्ठा काळी आहे का. विष्ठा काळी म्हणजे खाल्लेलं अंगी लागलं, असा आमच्याकडे समज. ज्याची डुकरं फिकी त्याला व्यापारी दारातूनच नमस्कार करतो. बाजारगावात झोउ म्हणून खुराकवाला होता. त्याच्या पिशवीतल्या खुराकात तांबं आणि जस्त असायचंच, पिशवीवर लिहिलेलंही असायचं. पण एका हिवाळ्यात माझी डुकरं फिकी पडली, तेव्हा त्याने गल्ल्याखालून एक पुडी काढली. निळे खडे. मोरचूद, तांब्याचाच क्षार.

"एका घमेल्याला चमचाभर," तो म्हणाला. "जास्त नको. आणि बोलू नको कुठे."

"विष आहे का?"

"विष असतं तर डुकरं मेली नसती का? सगळेच घालतात. तू एकटाच साधू राहिला होतास."

पंधरा दिवसांत डुकरं सफरचंदासारखी झाली. विष्ठा डांबरासारखी काळी. त्या वर्षी व्यापाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी आठ वर्षं तो चमचा सोडला नाही. दर सकाळी, खुराक कालवताना. डुकराच्या अंगात त्यातलं फार थोडं राहतं, बाकीचं मागून निघतं आणि उताराला लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

चमचा सुरू केल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी पहिल्या खाचरात, पाइपाच्या तोंडाशी, एक पिवळा डाग पडला. चटईएवढा. तिथल्या रोपांची नवी पानं पिवळी यायची, फुटवे फुटायचे नाहीत. पुढच्या वर्षी डाग अंगणाएवढा झाला. दादाला डोक्यावर केस नाहीत, तेव्हा गावाला आयताच विनोद मिळाला.

"युनशान, तुझं टक्कल खाचरात उतरलं की रे!" बांधावरून जाता-जाता कुणीतरी ओरडायचं.

"उतरू दे," दादा म्हणायचा. "डोक्यावर उगवलं नाही, तिथे तरी उगवेल."

त्याला वाटलं, जमीन उपाशी आहे. म्हणून तो माझ्याकडून टाकीच्या तळाचा वाळलेला गाळ पाट्यांनी भरून न्यायचा आणि नेमका त्या डागावर पसरायचा. मीच पाट्या भरून द्यायचो. एकदा चिखलणी करताना तो मला म्हणाला, "युनहे, गांडुळं दिसत नाहीत रे हल्ली. पूर्वी एका फावड्यात मूठभर निघायची." मी म्हणालो, पाणी जास्त झालं असेल. त्याने मान डोलावली. मी काही म्हणालो की त्याला ते पटायचं, कारण मी दोन वर्षं जास्त शाळेत गेलो होतो.

ज्या वर्षी डाग दुसऱ्या खाचरात उतरला, त्या वर्षी जिल्ह्याच्या शेती कार्यालयातून ओउयांग नावाची तंत्रज्ञ मुलगी आली. सगळ्या चोंगमधून मातीचे आणि भाताचे नमुने घेत होती. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली, तिशीची, आवाज बसलेला. तिने दादाच्या डागातलं एक रोप उपटलं, मुळं पाण्यात खळबळून धुतली आणि त्याच्या हातात दिली.

"काका, हे बघा."

मुळं बोटभरसुद्धा नव्हती. जाड, आखूड, तपकिरी, गंजलेल्या तारेसारखी. शेजारच्या खाचरातलं रोप तिने उपटून दाखवलं. त्याची मुळं म्हाताऱ्याच्या दाढीसारखी, पांढरी, लांब.

"कीड आहे?" दादाने विचारलं.

"कीड असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

दीड महिन्याने ती निकाल घेऊन आली. आम्ही दादाच्या ओसरीवर बसलो होतो. वहिनीने चहा आणि भाजलेले शेंगदाणे ठेवले. ओउयांगने कागद मांडीवर धरला आणि सावकाश सांगितलं. पहिल्या खाचरात तांबं मर्यादेच्या जवळजवळ चौपट. जस्तही जास्त. आमची माती मुळात आंबट, लाल; तिच्यात तांबं मोकळं सुटतं आणि मुळं जाळतं. "आणि तांदळात कॅडमियम आहे," ती म्हणाली. "मर्यादेच्या दीडपट. खुराकातली खनिजं स्वस्तातली असली की त्यातून येतं."

"तांदळात?" वहिनीने विचारलं. "तांदूळ तर चांगला दिसतो. पांढरा आहे."

"ते दिसत नाही, काकू. वासही येत नाही."

"खाल्लं तर काय होतं?"

"आज खाल्लं तर काही नाही. वर्षानुवर्षं खाल्लं तर मूत्रपिंडात साठतं. हाडांत उतरतं."

वहिनी उठून आत गेली. तिची मुलगी छिंग चांगशात राहते. तिला दर दोन महिन्यांनी वहिनी घरचा तांदूळ पाठवायची, कारण शहरातल्या तांदळाला चव नसते. छिंगला मुलगी झाली, तेव्हापासून पेजेसाठी वेगळा, निवडलेला, दोनदा पाखडलेला. बाळ दीड वर्षाचं झालं होतं.

"मग आता ही घाण काढायची कशी?" दादाने विचारलं. "पावसाने धुऊन जाईल?"

"नाही. हे कुजत नाही, उडत नाही, वाहून जात नाही. वरच्या वीतभर मातीत बसून राहतं. चुना टाका, म्हणजे थोडं बांधलं जाईल. कापणीपर्यंत पाणी उभं ठेवा, म्हणजे दाण्यात कमी जाईल. पेंढा शेतात गाडू नका. आणि स्लरी बंद. आजपासून."

"किती वर्षं लागतील?"

ओउयांगने कागदाची घडी घातली. "काका, मला खोटं बोलायचं नाही. आपल्या हयातीत नाही."

मग ती माझ्या शेडमध्ये आली. खुराकाच्या पिशव्या बघितल्या, वहीत काहीतरी उतरवलं आणि थांबली. "एवढ्या तांब्याने माती एवढी खराब होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही वेगळं काही घालता का?"

दादा माझ्या मागे उभा होता.

"नाही," मी म्हणालो. "पिशवीतलं तेवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं. पण तिला त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती.

दादाचा राग पिशवीवर गेला. साहजिकच होतं. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी तो सकाळीच निघाला, मी नको नको म्हणत मागे गेलो. झोउच्या दुकानासमोर, मिरच्या विकणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उभा राहून त्याने त्याला हाका मारल्या.

"ए झोउ! बाहेर ये! तांबं विकतोस होय रे पिशवीत भरून? माझी नात तुझं तांबं खाते!"

झोउ बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, हातात चहाची बरणी. "काय झालं, युनशानदादा? बसा, आधी चहा घ्या."

"तुझा चहा तुझ्या आईला पाज! अकरा मू जमीन मेली माझी. लाज वाटते का?"

"पिशवीवर जे लिहिलंय तेच पिशवीत आहे. कार्यालयात नेऊन तपासा."

"नेतोच! तुला आत घालतो की नाही बघ!"

झोउने दादाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. पुडी त्याने विकली होती, मी घेतली होती. दोघांच्याही तोंडाला एकच कुलूप. मग तो आत गेला आणि दुकानाचं फळकुट ओढून घेतलं. मिरचीवाल्या बायका म्हणाल्या, बघा, पळाला. गुन्हेगार असल्याशिवाय पळतो का कुणी?

परतीच्या वाटेवर दादा खूश होता. कितीतरी दिवसांनी. "बघितलंस त्याचं तोंड?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी दोन पावलं मागेच चालत होतो.

आठ दिवसांत त्याने अर्ज तयार करवून घेतला. गावातल्या मास्तरांनी लिहिला. खुराकवाल्या झोउने भेसळ करून चोंगमधली जमीन नासवली, म्हणून. एकवीस जणांचे अंगठे घेतले. बाविसावा माझा. दुपारी शेडवर आला, मी खुराक कालवत होतो. लाल शाईची डबी त्याने कठड्यावर ठेवली.

"लाव. तुझा अंगठा सगळ्यात महत्त्वाचा. तू त्याचं गिऱ्हाईक."

मी हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

"काय नाटक करतोस? नवरी आहेस का?"

"दादा, मी घालत होतो," मी म्हणालो.

"काय?"

"मोरचूद. पिशवीतल्याशिवाय वेगळा. मी घालत होतो."

त्याला कळल्यासारखं दिसेना. मी कोपऱ्यातला डबा काढून त्याच्यापुढे धरला. तळाला थोडे खडे राहिले होते. त्याने एक खडा उचलला आणि उजेडात धरला. लहान पोर काचेची गोटी बघतं तसा.

"किती घालायचास?"

"घमेल्याला एक चमचा."

"कधीपासून?"

"आठ वर्षं झाली."

तो दाण्याच्या पोत्यावर बसला. डुकरं खायला मागत ओरडत होती. तो त्यांच्याकडेच बघत होता.

"दिसायची मात्र झकास रे," तो म्हणाला. "तांबूस."

मला वाटलं होतं, मारेल. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "दादा, मला माहीत नव्हतं की खाली—"

"माहीत नव्हतं ते बरोबर. त्या पोरीने विचारलं तेव्हा तर माहीत होतं ना?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मी भर बाजारात त्या माणसाच्या आईचा उद्धार केला," तो म्हणाला. "तू मागे उभा होतास."

त्याने अर्जाची घडी करून खिशात घातली, शाईची डबी उचलली. दारात थांबला. "माझीपण अक्कल बघ. दरवर्षी मीच म्हणायचो, युनहे, अजून सोड, अजून सोड. पाट्यांनी नेलं. स्वतःच्या हाताने." मग म्हणाला, "तुझ्या वहिनीला तू सांग. मी नाही सांगणार. मी दमलो."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. वहिनी चुलीवर टांगलेल्या मांसाच्या पट्ट्या फिरवत होती, सगळीकडे धूर. सगळं ऐकून तिने पट्ट्या फिरवणं थांबवलं नाही. शेवटची पट्टी फिरवून झाल्यावर बोटांवर मोजत म्हणाली, "सहाव्या महिन्यापासून पेज देते छिंग तिला. म्हणजे वर्ष झालं." आणि फोन उचलून बाहेर अंगणात गेली.

छिंगने बाळाला चांगशाच्या इस्पितळात दाखवलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, तांदूळ बदला. हे मला दादाकडून कळलं. कारण त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली. मी समोर बसलेला असलो तरी दादाला म्हणायची, "अहो, तुमच्या भावाला सांगा, बाजूला सरकायला." दादा म्हणायचा, "युनहे, सरक." मी सरकायचो.

मग दादा एकटाच बाजारात गेला. झोउच्या दुकानात गेला आणि त्याची माफी मागितली, मिरचीवाल्या बायकांसमोर. झोउने त्याला चहा दिला. मोरचुदाची पुडी आपण विकली हे त्याने दादाला सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही आणि दादाने सांगितलं नाही.

त्या वर्षीचं भात कोठीत पडून होतं. कार्तिकात फंग नावाचा धान्यव्यापारी ट्रॅक्टर घेऊन आला. सगळ्या चोंगला बातमी होती, त्यालाही होती. त्याने मूठभर भात घेतलं, तळहातावर चोळलं, तूस फुंकून टाकलं.

"दाणा भरलेला आहे, रंग चांगला आहे. मी घेतो, दादा. थोडा भाव कमी."

"तपासणीत आलंय त्यात," दादा म्हणाला.

"माझ्याकडे दहा गावांचं भात येतं. त्यात मिसळलं की कसली तपासणी? कोण विचारतंय?"

दादा कोठीच्या भिंतीला टेकून उभा होता. गेल्या काही महिन्यांत त्याचे गाल आत गेले होते. चौसष्ट वर्षांचा माणूस, वर्षभराची मेहनत समोर पडलेली आणि तिला दाराबाहेर न्यायचं बळ नाही. तो हाताने झुरळ हाकलावं तसं करून म्हणाला, "घेऊन जा बाबा. मला बघायलाच नको ते."

फंगच्या माणसांनी पोत्यांची तोंडं बांधायला घेतली. मी बांधावरून बघत होतो. मला बोलायचं तोंड नव्हतं. वहिनी परसातून कोबीचे गड्डे घेऊन आली, तिने पोती बघितली आणि गड्डे तिथेच टाकले.

"खाली ठेवा."

"काकू, दादांनी हो म्हटलंय," फंग म्हणाला.

"त्यांनी म्हटलं असेल. मी नाही म्हटलं. कुठे जाणार हे भात?"

"जाईल कुठेतरी. शहरात."

"शहरात माझी मुलगी राहते."

"काकू, तिच्याच घरी थोडंच जाणार आहे?"

"मग ज्या घरी जाईल तिथलं बाळ काय दगडाचं आहे?" वहिनी एका पोत्यावर बसली. बुटकी, सुकलेली बाई ती. पण ते पोतं मग कुणाला उचलता आलं नाही. फंगने दोनदा भाव वाढवला, एकदा हसला, एकदा दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "तिने बसकण मारली की बैलजोडीनेही उठत नाही. जा तू."

महिन्याने कार्यालयाचा ट्रक आला आणि ते भात घेऊन गेला. खाण्यासाठी नाही, कारखान्यात जाळायला की कशालातरी. पोती चढवायला मी खांदा दिला. एकशे चार पोती. वहिनी दारात उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

मी मोरचूद बंद केला. खुराकही बदलला. डुकरं फिकी पडली, विष्ठा पिवळी झाली. व्यापारी दारातून म्हणाला, "आजारी आहेत का रे?" मी म्हणालो, नाही, खरी आहेत. तो हसला आणि दुसऱ्या शेडकडे गेला. वर्षभर रेटलं, मग माद्या विकल्या. शेड रिकामी झाली तेव्हा मला वाटलं होतं वाईट वाटेल. मी नुसता झोपलो, दोन दिवस.

दादाच्या खालच्या खाचरांत धान्य लावायचं नाही, असं ठरलं. ओउयांगने शहरातल्या रस्त्यांसाठी लागणाऱ्या झाडांची रोपं लावायला सांगितली, कापूर, सुवासिक फुलांचं ओस्मान्थस. दादाने आधी दोन हिवाळे चुना टाकून बघितला. मी चुन्याची पोती वाहायचो, तो पसरायचा. तोंडाला फडकं बांधून, पांढरेफटक, आम्ही दोघं. बोलायला काही नसायचं. चुन्याने हाताच्या भेगांत आग व्हायची. एक खाचर भात लावून बघितलं. जरा हिरवं आलं, दाण्यात कॅडमियम थोडं कमी आलं, पण मर्यादेखाली नाही. तो निकाल वाचून दादाने कापराची रोपं आणली. लावताना एका ओळीनंतर उठून उभा राहिला. "भाताची ओळ मी डोळे मिटून लावतो," तो म्हणाला. "हे झाड कुठे लावायचं तेच कळत नाही. शहरातल्या कुणासाठी सावली. लाव बाबा, लाव."

वरच्या पायऱ्यांची कल्पना वहिनीची. माझ्या शेडच्याही वर, डोंगराच्या कमरेला, आमच्या आजोबांच्या वेळची पायऱ्यांसारखी चार अरुंद खाचरं होती. वीस वर्षांपूर्वी सोडलेली. सगळी बांबू आणि काटेरी झुडपांनी भरलेली. "पाणी खाली वाहतं," वहिनी दादाला म्हणाली. "त्यांच्या डुकरांची घाण वर गेली नसेल. खायला तरी घरचा तांदूळ होईल. तुमच्या भावाला सांगा, त्यांना कुदळ धरता येत असेल तर यावं."

मी अठ्ठावन्न वर्षांचा, दादा सहासष्टाला टेकलेला, वहिनी बासष्टची. बांबूची मुळं उपटायला आम्हाला दोन हिवाळे लागले. बांबू म्हणजे जमिनीखालचं नातेवाईकांचं जाळं. एक ओढला की दहा हलतात, येत एकही नाही. दादा दर दहा मिनिटांनी बसायचा. "म्हाताऱ्या, उठ," मी म्हणायचो. "तूच उठव," तो म्हणायचा, "माझे पाय खाली घरीच राहिलेत." झऱ्याचं पाणी वळवून आणायला फुटके पाइप जोडले. ते माझ्या शेडचेच होते, पण वहिनीने बघितल्यावर नवे आणायला लावले. दगडांचे बांध पुन्हा रचले. ओउयांग माती घेऊन गेली. निकाल स्वच्छ आला. माती पातळ, उपाशी, दगड फार, पण स्वच्छ.

पहिल्या वर्षी रानडुकरांनी अर्धं खाल्लं. दुसऱ्या वर्षी आम्ही पाळीपाळीने पत्र्याचा डबा बडवत बसलो आणि साडेचार पोती भात झालं. चार खाचरांचं. खाली पूर्वी दादा तेवढं बांधाच्या कडेला सांडायचा. नमुना पाठवला, तांदूळ मर्यादेच्या बराच खाली. दादाने तो कागद भिंतीवर लावला, जिथे आधी दिनदर्शिका होती.

नवा तांदूळ शिजवायच्या दिवशी दादा मला बोलवायला आला. आमच्यात रिवाज असा की पहिला घास पूर्वजांना, दुसरा कुत्र्याला, कारण धान्याचं बी माणसाला कुत्र्याने आणून दिलं म्हणतात. मी दारात आलो तेव्हा कुत्रं आधीच खात होतं. वहिनी झाऱ्याने भात काढत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, बूट बाहेर काढा. आत्ताच पुसलंय."

ती थेट माझ्याशी बोलून तीन वर्षं आणि काही महिने झाले होते. मी बूट बाहेर काढले.

जेवताना फोन वाजला. छिंग होती. वहिनीने सांगितलं, वरच्या शेताचा तांदूळ झालाय, तपासलाय, कागद आहे, पाठवू का. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. वहिनी "बरं" म्हणाली, "हो, हो, बरोबर आहे तुझं," म्हणाली. फोन ठेवला.

"काय म्हणते?" दादाने विचारलं.

"म्हणते, नको पाठवू, इथे पाकिटातला चांगला मिळतो. मुलीला आता त्याचीच चव लागलीये." वहिनीने माझ्या वाडग्यात मांसाची एक पट्टी टाकली, आणि दादाच्याही. "खा. गार होईल."

आम्ही खाल्लं. तांदूळ थोडा जाड होता, जरा कडक. दादा दोनदा वाढून घेतो नेहमी, त्या दिवशी एकदाच घेतला आणि वाडगं हातात धरूनच डोळे मिटून बसला.

पहाटे पाऊस झाला आणि वरच्या तिसऱ्या खाचराचा बांध ढासळला. दादा सकाळी माझ्या दाराशी येऊन कुदळ टेकवून उभा राहिला, "चल," म्हणाला. मी म्हणालो, चहा तर घेऊ दे. तो म्हणाला, घे, तोवर मी बसतो. आणि पायरीवर बसला.